भात होईपर्यंत

"हे असलं काय विचारतात गं?" आईनं माझ्या खांद्यावरून वाकून कागदावर बोट ठेवलं. "'घरातल्या कुणी इतकं मारलं का, की अंगावर वळ उठले?' दवाखान्यात विचारायच्या गोष्टी आहेत का या?"

"संशोधनाचा फॉर्म आहे, आई. सगळ्यांना हेच विचारतात."

"विचारू देत. कर खूण. कधीच नाही." तिचं बोट पहिल्या चौकोनावर सरकलं. "मी तुला कधी बोट लावलंय, हेमांगी?"

"नाही."

"मग झालं तर."

मी खूण केली. खरं तेच होतं.

पुढचे प्रश्नही त्याच वळणाचे होते. उपाशी ठेवलं का, कोंडून ठेवलं का, पट्ट्यानं, दोरीनं, काठीनं मारलं का. प्रत्येकापुढे पाच चौकोन होते. कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. मी पहिल्या चौकोनांतून सरळ खाली उतरत गेले. आई प्रत्येक खुणेला "हं" म्हणत होती. सतराव्या प्रश्नाशी माझं पेन थांबलं. 'शिक्षा म्हणून शरीराला त्रास होईल अशा स्थितीत बराच वेळ ठेवलं जात असे का?'

"म्हणजे काय?" आईनं विचारलं.

"माहीत नाही. उन्हात वगैरे उभं करत असतील."

"आपल्यात नाही तसलं. पुढे."

मी खूण केली आणि पुढे गेले.

फॉर्म एकटीनं भरा, असं डॉक्टर शेंडगेंनी देतानाच सांगितलं होतं. माझ्याच वयाची मुलगी होती ती, चष्मा डोक्यावर सरकवलेला. मी हसून म्हटलं होतं, माझ्या आईपासून लपवण्यासारखं काही नाहीये हो. तिनं फक्त आईकडे एकदा पाहिलं आणि आत गेली.

पाच वर्षं झाली त्या दिवसाला. मे महिना होता, मिरजेतल्या एका मोठ्या रुग्णालयाचं तळघर होतं. बाहेर कातडी सोलणारं ऊन आणि तळघरात एमआरआयच्या यंत्रासाठी ठेवलेला गारठा. बाकावर मी, माझ्या शेजारी आई आणि तिच्या पलीकडे माझी साडेचार वर्षांची दुर्वा. आईच्या पायाशी दोन पिशव्या होत्या. एक आईची. दुसरी दुर्वाची, तिच्यात फ्रॉक, चित्रांची वही आणि कान तुटलेला कापडी ससा. चारच्या एसटीनं आई दुर्वाला विट्याला घेऊन जाणार होती. सुट्टीपुरती नव्हे. जूनपासून आईच्याच शाळेच्या बालवाडीत तिचं नाव घालायचं ठरलं होतं.

ते मीच ठरवलं होतं.

दुखणं माझ्या अंगात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून होतं. कंबरेत सुरू व्हायचं, तिथून खांद्यात, मग जबड्यात. बाळंतपणानंतर ते घरातल्या माणसासारखं मुक्कामालाच आलं. दुर्वाला कडेवर घेतलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. रक्त तपासलं, हाडं तपासली, सांधे तपासले. सगळे रिपोर्ट नॉर्मल. माझा नवरा गिरीश चाकणला नोकरीला, शनिवारी रात्री येऊन सोमवारी पहाटे जाणारा. तो वाईट नव्हता, पण प्रत्येक नॉर्मल रिपोर्टबरोबर त्याचा चेहरा थोडा थोडा बंद होत गेला होता. "अगं, मग दुखतंय तरी काय?" एवढंच तो विचारायचा. म्हणून या अभ्यासात मी नाव दिलं. वर्षानुवर्षं अंग दुखणाऱ्या ऐंशी माणसांच्या मेंदूचे फोटो काढणार होते आणि त्यांच्या बालपणाची माहिती घेणार होते. बालपणाशी मला काही घेणं नव्हतं. मला फोटो हवा होता. कशात तरी काहीतरी दिसायला हवं होतं.

महिन्यापूर्वी मी आईला फोन करून रडले होते. "माझ्यानं होत नाही गं. ती ऐकत नाही, पळते, सांडते. तू तिला ने. जरा वळण लाव."

आई चार दिवस आधीच आली होती. ती विट्याच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची. सगळं गाव तिला बाई म्हणायचं. तीस वर्षांत एकदाही छडी न उचललेल्या बाई म्हणून पंचायत समितीनं तिचा शाल-नारळ देऊन सत्कार केला होता. तिचा वर्ग चालू आहे की सुटलाय, हे व्हरांड्यातून जाणाऱ्याला कळत नसे, इतकी शांतता. आवाजही कधी चढायचा नाही. अंगाला कायम बामचा वास. मान चोळायची सवय होती तिला.

आणि दुर्वा खरंच बदलली होती. पहिल्या दिवशी तिनं वरणाची वाटी आईच्या साडीवर उपडी केली. दुसऱ्या दिवशी मला दुपारी गोळी घेऊन झोप लागली, उठले तर घर चिडीचूप. तिसऱ्या दिवशी दुर्वा ताटावर बसली, सगळं जेवली, ताट उचलून दोन्ही हातांनी मोरीपर्यंत नेलं, एक शीत खाली पडू न देता. मी आईला म्हटलं, "जादू केलीस की गं!"

"जादू कसली. मुलांना कळतं सगळं. आपण धीर धरायचा."

त्या दिवशी सकाळी दुर्वाला कपडे घालताना तिच्या गुडघ्यांवर चटईची वीण उमटलेली दिसली. तळहातांवरही. बारीक बारीक चौकडी, लालसर.

"हे काय गं?"

दुर्वानं आधी दाराकडे पाहिलं. दारात आई उभी होती.

"घोडा घोडा खेळलो आम्ही," आई म्हणाली.

"सकाळी सकाळी?"

"तुला उठवायचं नव्हतं. बरं, तो फ्रॉक काढ तिचा, ओला झालाय."

फ्रॉक पाठीवर भिजला होता. मधोमध, तळहाताएवढा. पुढून अगदी कोरडा. मी तो पिळला, दोरीवर टाकला आणि दुसरा घातला. मी नुसती दक्ष आई नाही. पोरीला डास चावला तरी रात्रभर तो ठिपका बघत बसणारी आहे. तरी मी तो फ्रॉक वाळत टाकला आणि रिक्षा बोलवायला गेले.

"हेमांगी माने!" आतून हाक आली.

मी उठले. दुर्वा माझ्याबरोबर उठली नाही. एरवी मी संडासला गेले तरी दाराबाहेर उभी राहणारी पोर. बाकावर पाठ ताठ, दोन्ही पाय जुळवून, हात मांडीवर. पाय खाली पोहोचत नव्हते तरी हलत नव्हते.

"जाऊ ना मी, दुर्वा?"

तिनं मान हलवायच्या आधी आईकडे पाहिलं.

"जा तू निवांत," आई म्हणाली. "आम्ही इथेच आहोत. चांगल्या मुली कशा बसतात, दाखवू आपण सगळ्यांना. काय?"

यंत्राच्या खोलीत जमादार नावाचे तंत्रज्ञ होते. पन्नाशीचे, पोट सुटलेले, बोलायला मोकळे.

"या ताई. मंगळसूत्र, कानातलं, पिना, सगळं ह्या वाटीत. चाळीस मिनिटं लागतील. आणि एक सांगतो, हालायचं नाही. खोकला आला तर गिळा. गिळताना पण हळू. फोटो हालला की सगळं मुसळ केरात."

"किती हललं तर चालतं?"

"कसलं हालणं! दोन केसांएवढं पण आम्हांस्नी दिसतंय. काल एक पैलवान आलता कवठ्याचा. एवढा दांडगा गडी, पाच मिनिटांत बटण दाबून 'काढा मला, काढा मला' करत बाहेर. हे घ्या बटण. घाबरायचं नाही, दाबायचं."

"नाही दाबणार."

"सगळी असंच म्हणतात," ते हसले आणि माझ्या डोक्यावर पिंजऱ्यासारखी जाळी बसवली.

आत गेल्यावर छत नाकाला लागेल इतकं जवळ होतं. मग आवाज सुरू झाला. आधी कुणी लोखंडी दार हातोडीनं वाजवावं तसा, मग भलामोठा भोंगा, मग पुन्हा हातोडी. पाचव्या-सहाव्या मिनिटाला कंबर पेटली. मी मला येतं ते केलं.

श्वास पोटात घ्यायचा, छातीत नाही. छातीत घेतला की पाठ उचलली जाते. जीभ टाळूला चिकटवून ठेवायची. नाकाला खाज आली तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी नाकाला आलीय असं समजायचं. एक ठिपका निवडायचा आणि त्याच्याकडेच बघायचं. आणि दुखायला लागलं की जिथे दुखतंय तिथून उठून निघायचं आणि उजव्या पायाच्या करंगळीत जाऊन बसायचं. तिथे कुणी येत नाही. तिथून सगळं लांब ऐकू येतं.

मी करंगळीत जाऊन बसले. हे मला कधीपासून येतं, याचा मी आयुष्यात विचार केला नव्हता. पोहता येणाऱ्या माणसाला पाण्यात हात कसे मारायचे हे आठवावं लागत नाही.

बाहेर काढलं तेव्हा जमादार माझ्याकडे बघत नव्हते. काचेपलीकडे डॉक्टर शेंडगेंना हातानं बोलावत होते.

"मॅडम, हिकडं या. ही रेघ बघा."

पडद्यावर एक रेघ होती. आडवी, सपाट, वहीवर पट्टीनं मारल्यासारखी.

"ही तुमची हालचाल," डॉक्टर मला म्हणाली. "म्हणजे... हालचाल नाहीच. सगळ्यांची रेघ थोडी तरी थरथरते. श्वासानं, ठोक्यानं, गिळण्यानं."

"बारा वर्षं झाली मला ह्या खोलीत," जमादार म्हणाले. "भूल दिलेला पेशंट पण यापेक्षा जास्त हालतोय. माणूस हाय का पुतळा? योगा करता काय ताई?"

मला फार बरं वाटलं. कित्येक वर्षांत माझ्या शरीराचं कुणी कौतुक केलं नव्हतं.

"योगा नाही हो," मी हसत म्हटलं. "आईची कृपा."

"म्हणजे?"

"अहो, आमच्या घरी मारायची पद्धत नव्हती. माझं काही चुकलं की आई म्हणायची, फुलपात्र आण. मीच माठातून भरून आणायचं. काठोकाठ हं, आई बघायची. मग चटईवर घोडा व्हायचं, ती ते पाठीवर ठेवायची, आणि ऊठ म्हणेपर्यंत तसंच राहायचं. सांडलं तर आपणच पुसायचं, परत भरून आणायचं, परत पहिल्यापासून." मी वाटीतली कानातली घालत होते. "शेवटी शेवटी तर मी इतकी पटाईत झाले होते, बाबा पेपर घेऊन माझ्या अंगावरून पाय टाकून ओसरीवर जायचे, तरी थेंब सांडत नसे."

मीच एकटी हसत होते. जमादारांनी खुर्ची पडद्याकडे वळवली आणि उगाच कीबोर्डवरची धूळ पुसायला लागले.

"किती वेळ?" डॉक्टरनं विचारलं.

"काय किती वेळ?"

"पाठीवर फुलपात्र."

"भात होईपर्यंत."

"कुकरमध्ये?"

"छे, पातेल्यात. आई कुकरचा भात करत नाही."

"म्हणजे पंचवीस-तीस मिनिटं."

"सांडलं नाही तर."

"आणि चुकलं म्हणजे काय चुकायचं?"

"काहीही. दूध सांडलं. हसताना आवाज मोठा झाला. शुद्धलेखनात दोन चुका झाल्या..." माझा आवाज मलाच वेगळा ऐकू यायला लागला. तळघरातल्या भिंती तो परत आणून देत होत्या.

"तुमचं वय काय होतं, हे सुरू झालं तेव्हा?"

"चार असेल. साडेचार. आमच्या दुर्वाएवढी असे..."

वाक्य माझ्या तोंडातच राहिलं.

फ्रॉक पाठीवर भिजला होता. मधोमध, तळहाताएवढा.

हातातलं कानातलं खाली पडलं. मी ते उचललं नाही. दवाखान्याचा झगा मागून नाडीनं बांधलेला, पाय अनवाणी, तशीच मी दार ढकलून बाहेर आले.

बाकावर कुणी नव्हतं.

पिशव्याही नव्हत्या. समोरच्या बाकावर एक मावशी नवऱ्याला संत्रं सोलून देत होत्या.

"इथे बसलेल्या आजी आणि छोटी मुलगी?"

"त्या होय? तिकडं गेल्या." मावशींनी कॉरिडॉरच्या टोकाकडे हात केला. "पोरीनं थर्मासातलं पाणी सांडलं जरासं. पण आजी लई चांगल्या हो. एक शब्द बोलल्या न्हाईत पोरीला. नुसत्या हाताला धरून घेऊन गेल्या."

मला पळता येत नाही. त्या दिवशी पळले.

कॉरिडॉर जिथे वळतो तिथे, जिन्याखाली, एक लहान बाक होता. आई त्यावर बसून मान चोळत होती. दुर्वा तिच्यासमोर उभी होती. दोन्ही हात पुढे, तळवे वर, आणि तळव्यांवर थर्मासचं स्टीलचं झाकण. पाण्यानं काठोकाठ भरलेलं. जिन्यावरून उतरणारे दोघे-तिघे थांबून कौतुकानं बघत होते.

"मघापासून अशीच उभी आहे," एक काका मला म्हणाले. "आमच्या नातवाला दाखवायला पाहिजे."

दुर्वानं मला पाहिलं. फक्त डोळे फिरले, मान नाही. तिचा श्वास मला दिसला. छाती हलत नव्हती. फ्रॉक फक्त पोटापाशी वर-खाली होत होता.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. हे शिकवावं लागत नाही. मीही असंच शोधून काढलं होतं.

"झालं इतक्यात?" आई म्हणाली. "बघ, अगदी तुझ्यावर गेलीय. चार दिवसांत. तुला महिना लागला होता."

"दुर्वा, खाली ठेव ते."

"आजीनं अजून ऊठ म्हटलं नाही," दुर्वा ओठ न हलवता म्हणाली.

मी तिच्या हातातलं झाकण घेतलं. त्यातल्या पाण्यात जिन्याखालच्या ट्यूबलाइटची एक पांढरी पट्टी होती, जराही न हलणारी. मी झाकण उलटं केलं. पाणी फरशीवर पसरलं, आईच्या चपलांपर्यंत गेलं.

दुर्वा किंचाळली नाही. तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

कौतुक करणारे काका निघून गेले.

"हेमांगी," आई अगदी मऊ आवाजात म्हणाली. "पूस ते."

त्या आवाजानं माझे गुडघे खरोखर वाकायला लागले. सत्तावीस वर्षांची बाई, एका मुलीची आई. मी भिंत धरली.

"नाही."

"कुणी घसरून पडेल."

"दुर्वा विट्याला येणार नाही, आई."

आई माझ्याकडे बघत राहिली. तिला खरंच काही कळलं नव्हतं. ते मला दिसत होतं आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"काय झालं तुला? त्या डॉक्टरीण बाईंनी काही भरवलं का? तूच फोनवर म्हणालीस ना, जरा वळण लाव म्हणून? मी मारलं का तिला? विचार, तुझ्यासमोर विचार. दुर्वा, आजीनं मारलं?"

दुर्वानं तोंडावरचे हात न काढता मान हलवली. नाही.

"मग?" आई म्हणाली. फॉर्म भरताना 'मग झालं तर' म्हणाली होती, अगदी तसंच.

"माझी पाठ दुखते, आई."

"ते माहीतच आहे की. म्हणून तर नेतेय तिला."

"पाठीवर फुलपात्र ठेवलं की कुठे दुखतं, सांगू? बरोबर तिथेच दुखते."

तिची बोटं मानेवर थांबली. वर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याची चाकं आमच्या डोक्यावरून खडखडत गेली.

"माझे वडील आम्हाला बैलाच्या कासऱ्यानं मारायचे," आई म्हणाली. "गोठ्यात नेऊन. माझ्या मानेत अजून... तू पोटात होतीस तेव्हा मी शपथ घेतली होती. माझ्या लेकराला मी हात लावणार नाही. नाही लावला. एकदाही नाही, हेमांगी. एकदाही."

ती रडत नव्हती. हिशोब बरोबर आलेल्या मुलीसारखी माझ्याकडे बघत होती, मी शाबास म्हणेन म्हणून.

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. मी दुर्वाला घेतलं. वाकून, दोन्ही हात तिच्या काखेत घालून, एका झटक्यात कडेवर. कंबरेतून जे वर चढलं त्यानं डोळ्यांपुढे अंधार आला. दुर्वा लाकडासारखी होती, कुठे वाकतच नव्हती.

"उचलवतं का तुला?" आई म्हणाली. "रोज उचलवणार आहे का?"

"नाही उचलवलं तर खाली बसेन तिच्याजवळ."

आईनं पिशवीतून रुमाल काढला. पदर खोचला, खाली बसली, मग गुडघे टेकले, एक हात फरशीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं पाणी पुसायला लागली. पंचावन्न वर्षांची माझी आई, चार पायांवर. तिची पाठ अगदी सपाट होती. एवढ्या पुसण्यानंही ती हलत नव्हती.

दुर्वानं तोंडावरचे हात काढले. वाकून खाली बघितलं. मग माझ्या कानात, पण आईला ऐकू जाईल इतक्या आवाजात विचारलं, "आई, आजीला घोडा व्हायला कुणी सांगितलं?"

रुमाल थांबला. आई वर बघेल असं मला वाटलं. तिनं बघितलं नाही. ती तशीच राहिली, एक हात फरशीवर, एक हात रुमालावर. मग तिनं राहिलेलं पुसलं, रुमाल पिळला, झाकण थर्मासला लावून घट्ट फिरवलं.

"चारची चुकेल," ती म्हणाली, आणि दुर्वाची पिशवी बाकावर ठेवून, फक्त स्वतःची घेऊन जिना चढली. बारा वाजले होते.

मी परत आत गेले तेव्हा जमादारांनी माझं पडलेलं कानातलं पुढे केलं. दुर्वाला खिशातला लिमलेटचा गोळा दिला. तो तिनं हातात धरून ठेवला. खाऊ का, असं कुणाला विचारायचं ते तिला ठरवता येत नव्हतं.

"मला फॉर्म परत हवाय," मी डॉक्टरना म्हटलं. "आणि फोटोत काय दिसलं, तेही सांगा."

डॉक्टर शेंडगेंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "एकट्या तुमच्या फोटोवरून मी काहीच सांगू शकणार नाही. खोटं सांगायचं नाहीये मला. ऐंशी जणांचे फोटो एकत्र मांडले की सरासरीत कदाचित फरक दिसेल, कदाचित नाही. तुमच्या फोटोत तुमचं बालपण दिसत नाही, हेमांगी."

"मग ते कुठे दिसतं?"

तिनं फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

पहिल्या चौकोनांची सरळ रांग होती. एकही खूण इकडे-तिकडे नाही. मी दुर्वाला मांडीवर बसवलं, सतरावा प्रश्न काढला आणि पेन टेकवलं. गिरीशला हे कसं सांगायचं, उद्या दुर्वाला कोण बघणार, काहीच ठरलं नव्हतं. तेवढ्यात मांडीवर काहीतरी हललं. दुर्वानं गोळा तोंडात टाकला होता आणि पाय झुलवायला सुरुवात केली होती. आधी एक, मग दोन्ही. तिची टाच माझ्या नडगीवर आपटत होती, मी हलत होते, माझा हात हलत होता. पेनाची रेघ 'क्वचित'मधून 'बऱ्याचदा' ओलांडून कागदाच्या कडेपर्यंत वाकडीतिकडी गेली.

"कुठल्या चौकोनात आहे खूण?" डॉक्टरनं विचारलं. "तिला जरा स्थिर बसायला सांगता का?"

"नाही," मी म्हटलं. "शेवटच्या चौकोनात धरा."